फ्लोराइडच्या चघळायच्या गोळ्या: या चुका टाळा

अमेरिकेतल्या मावशीच्या बॅगेतून चॉकलेटांबरोबर फळांच्या चवीच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांची बाटलीही पार्ल्याच्या घरात येते. तिच्यावर ‘फ्लोराइड’ लिहिलेले असेल, तर तो खाऊ नव्हे. तिकडेही ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, आणि ती चिठ्ठी मावशीच्या मुलासाठी, तिथल्या नळाचे पाणी लक्षात घेऊन लिहिलेली असते.

सर्वांत मोठी चूक हीच, की मात्रा केवळ वयावरून ठरवली जाते. अमेरिकन दंतवैद्यांच्या तक्त्यानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमपेक्षा कमी फ्लोराइड असेल, तर दात किडण्याचा धोका जास्त असलेल्या 3 ते 6 वर्षांच्या मुलाला दिवसाला 0.5 मिलिग्रॅम फ्लोराइड देतात. पाण्यात ते 0.6 च्या वर असेल, तर गोळी मुळीच देत नाहीत. मुंबईत पालिकेचे पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा जलाशयांतून येते, पण ज्या सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचेही पाणी वापरले जाते, तिथे पालिकेच्या पाण्यावरून अंदाज बांधता येत नाही. म्हणून मूल प्रत्यक्षात जे पाणी पिते, तेच प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. आरओ यंत्राने मात्र बरेचसे निघते, हेही डॉक्टरांना सांगावे.

लेबल वाचताना गफलत होते ती आकड्यांची: 2.2 मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड म्हणजे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड. ‘पोरगं नीट जेवत नाही’ म्हणून दोन गोळ्या दिल्या, तर जीवनसत्त्वांबरोबर फ्लोराइडही दुप्पट होते, आणि आठ वर्षांपर्यंत असे जादा फ्लोराइड रोज पोटात गेल्यास नव्या दातांवर पांढरे डाग उमटू शकतात. एखादा दिवस चुकला, तरी दुसऱ्या दिवशी एकच गोळी द्यावी.

गोळी दुधाबरोबर देण्याची आपली सवयही मोडावी लागेल, कारण दुधातले कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते; दोहोंत तासाभराचे अंतर असावे. गोळी अख्खी गिळली, तर दातांना तिचा थेट स्पर्श होत नाही, म्हणून रात्री ब्रश झाल्यावर ती सावकाश चघळायला लावावी. नीट चावता न येणाऱ्या लहानग्याला ती देऊच नये, घशात अडकते. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहापर्यंत मटाराएवढी पुरे, कारण गिळलेल्या पेस्टमधले फ्लोराइडही हिशेबात धरावे लागते. गोळी सुरू केल्यावर लघवी गडद पिवळी झाली, तर घाबरू नये. तो गोळीतल्या रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचा रंग असतो.

मुलाने बाटलीतल्या मूठभर गोळ्या खाल्ल्या, तर मात्र उलटी करवू नये. अशा गोळ्यांत लोहही असेल, तर धोका आणखी वाढतो. मूल हसत-खेळत असले, तरी बाटली हातात घेऊन थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.