कामगार संघटनेचा इतिहास कसा अभ्यासावा

सुरुवात संपापासून न करता कायद्यापासून करावी, कारण संघटनेने कोणते कागद मागे ठेवले हे बहुधा कायद्यानेच ठरवलेले असते. ब्रिटनमध्ये १७९९ व १८०० च्या कायद्यांनी कामगारांच्या एकजुटीवर बंदी घातली आणि ती १८२४ मध्ये उठली. तरीही १८३४ साली टॉलपडल गावातील सहा शेतमजुरांना गुप्त शपथेच्या आरोपावरून ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवण्यात आले. त्यामुळे बंदीच्या काळातील दप्तर सापडले नाही म्हणून संघटनाच नव्हती असे मानणे हा त्या माणसांवर अन्याय ठरेल. अशा वेळी खटल्यांची कागदपत्रे वाचावीत.

१८७१ च्या कायद्याने मान्यता मिळाल्यानंतरच्या काळासाठी आधी वर्गणीची वही उघडावी. मला तरी ती भाषणांपेक्षा बोलकी वाटते. एखाद्या नावापुढचे रकाने सलग काही आठवडे कोरे दिसले, तर कारण संप, आजारपण की बेकारी, हे सभेच्या इतिवृत्ताशी ताडून पाहावे. शेवटी मागणीपत्र आणि करार शेजारी ठेवून एकेक कलम तपासावे, आणि पगारवाढ मिळाली पण वाटाघाटीचा हक्क नाकारला गेला असे आढळल्यास त्याची स्वतंत्र नोंद करावी.