एचआयव्ही चाचणी मोहिमेचं मूल्यमापन कसं करावं

मोठ्या शहरात एचआयव्ही तपासणी आणि जनजागृतीची मोहीम संपली की अहवाल हातात पडतो: इतक्या वस्त्या, इतकी पथनाट्यं, इतकी पत्रकं, इतक्या चाचण्या आणि शेवटच्या पानावर रांगेचा फोटो. झालेल्या कामाची ही यादी ठीक आहे, पण मोहिमेनं काय साधलं हे तिच्यावरून कळत नाही. चाचण्यांचा आकडा वाढवणं फार सोपं असतं. महाविद्यालयात किंवा कारखान्यात टेबल मांडा, दुपारपर्यंत शेकडो नमुने गोळा होतात. त्यात बाधित एकही नसतो आणि ज्यांच्यासाठी मोहीम आखली ती माणसं तिकडे फिरकलेलीही नसतात.

म्हणून पहिल्याच बैठकीत एक प्रश्न कागदावर लिहून घ्या: स्वतःला लागण झाल्याचं ज्यांना ठाऊक नव्हतं, अशी किती माणसं या मोहिमेमुळे सापडली आणि त्यांपैकी किती आज औषधं घेत आहेत? यूएनएड्सचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविरोधी कार्यक्रमाचं, २०२५ साठीचं उद्दिष्ट ९५-९५-९५ असं होतं: ९५ टक्के बाधितांना आपली स्थिती ठाऊक असावी, त्यांपैकी ९५ टक्के उपचारांवर असावेत आणि उपचारांवरच्या ९५ टक्क्यांच्या शरीरात विषाणू दबलेला असावा. चाचणी मोहीम यातल्या पहिल्या टप्प्याला हात घालते. तो हलला का, हे मोजायचं.

नोंदीचा फॉर्म

मोहीम सुरू होण्याआधीच ठरवा, नंतर ठरवून उपयोग नाही. वय, लिंग, राहण्याचा भाग, याआधीची चाचणी कधी झाली आणि 'हे शिबिर नसतं तर चाचणी कुठे केली असती?' एवढं पुरे. शेवटचा प्रश्न गाळू नका. 'नेहमीच्या दवाखान्यात केली असती' असं निम्मे लोक म्हणाले, तर तुम्ही गर्दी फक्त एका दारातून दुसऱ्या दारात नेली आहे. पहिल्यांदाच चाचणी करणाऱ्यांचं प्रमाण वेगळं काढा. आणि चाचण्या मोजू नका, माणसं मोजा. एकच माणूस तीन शिबिरांत येऊन जातो, तेव्हा प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक हवाच.

'नवीन बाधित' म्हणजे नक्की कोण

इथं सगळे घसरतात. मलाही या पायरीनं सर्वांत जास्त छळलं आहे, आणि 'पॉझिटिव्ह आले तेवढे नवे धरा' हा सल्ला देणाऱ्यांवर माझा राग आहे.

आधी साधं गणित. दहा हजार जणांची तपासणी केली आणि त्यांत खरे बाधित वीस आहेत असं धरा. चाचणी निरोगी माणसाला ९९.५ टक्के वेळा बरोबर निरोगी ठरवते, म्हणजे उरलेल्या अर्ध्या टक्क्यानं सुमारे पन्नास निरोगी माणसं पहिल्या फेरीत पॉझिटिव्ह दिसतील. खरे वीस, खोटे पन्नास! म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सगळीकडे सलग तीन वेगवेगळ्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्यावरच निदान पक्कं करायला सांगते. शिबिरातल्या पहिल्या पट्टीवरचा निकाल तुमच्या तक्त्यात 'बाधित' म्हणून गेला, तर पुढचं सगळं वाया.

निदान पक्कं झालं तरी माणूस नवा असेलच असं नाही. आधीपासून माहीत असलेले, उपचार घेणारे लोकसुद्धा शिबिरात येतात, आणि त्यांची कारणं खरी असतात. कुणाचा पहिल्या निदानावर विश्वास बसलेला नसतो. कुणाला औषधांनी आपण बरे झालो का ते बघायचं असतं. कुणी जोडीदारासोबत आलेला असतो आणि 'मला आधीच आहे' हे त्याच्यासमोर म्हणता येत नाही. कुणाचे उपचार सुटलेले असतात, जुन्या केंद्रात बोलणी खावी लागतील म्हणून तो नवं दार शोधत असतो. या शेवटच्या गटाला तक्त्यातून हाकलू नका. उपचारांकडे परत आलेला माणूस हेही मोहिमेचं यश आहे, फक्त त्याचा रकाना वेगळा.

हे ओळखायचं कसं? नोंदणीच्या टेबलावर, मागे रांग उभी असताना 'तुम्हाला एचआयव्ही आहे का?' असं विचारून कधीच नाही. तिथं खरं उत्तर मिळत नाही आणि विचारणं अमानुष आहे. निकालानंतर, बंद दाराआड, समुपदेशकानं विचारावं: याआधी चाचणी झाली होती का, तेव्हा काय सांगितलं, कधी गोळ्या घेतल्या होत्या का. दुसरी खूण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण. 'नवीन' म्हणून नोंदलेल्या माणसाच्या रक्तात औषध सुरू होण्याआधीच विषाणू सापडण्याइतकाही नसेल, तर बहुधा तो आधीपासून उपचारांवर आहे. औषधांशिवाय विषाणू दाबून ठेवणारी माणसं असतात, पण ती फार विरळ. तिसरी वाट म्हणजे उपचार केंद्रांच्या नोंदींशी ताळा. तो ताळा ज्यांच्याकडे नोंदी आहेत त्यांनीच करावा आणि मूल्यमापन करणाऱ्याला फक्त संख्या द्यावी. नावांची यादी मागणाऱ्या मूल्यमापकाला कामावरून काढा. एक यादी फुटली तर त्या वस्तीत पुढची कित्येक वर्षं कुणी चाचणीला येणार नाही.

याची उलटी बाजूही लक्षात असू द्या. लागण झाल्यावर फार लवकर उपचार सुरू केलेल्यांची जलद चाचणी क्वचित निगेटिव्ह येते, तोंडातल्या द्रवाची तर अधिक. अशा माणसाला 'तुम्ही बरे झालात' असं कुणी सांगितलं, तर तो गोळ्या बंद करेल.

आणि एक ताकीद: कार्यकर्त्यांच्या मानधनाला पॉझिटिव्ह शोधण्याचं उद्दिष्ट बांधू नका. बांधलंत, तर ओळखीचे बाधित पुन्हापुन्हा शिबिरात आणले जातील, आणि त्यात चूक कार्यकर्त्यांची नसेल.

हाती आलेल्या आकड्यांना त्यांच्या लायकीइतकंच वजन द्या. हजार जणांत पाच नवे सापडले, तर निव्वळ योगायोगानं तो आकडा दोन किंवा अकराही येऊ शकला असता. तेव्हा एका विभागात पाच आणि दुसऱ्यात आठ म्हणून दुसऱ्याला ढाल देणं हास्यास्पद आहे. बाधितांचं प्रमाण वर्षागणिक घटलं, तरी लगेच अपयश म्हणू नका. न कळलेले बाधित खरंच कमी झाले असतील, किंवा पथकं चुकीच्या ठिकाणी जात असतील. वस्ती आणि गटानुसार आकडे फोडल्याशिवाय ते कळत नाही.

पहिली गोळी

चिठ्ठी देऊन केंद्रात पाठवलं म्हणजे माणूस उपचारांना जोडला गेला, असं समजू नका. पहिली गोळी हातात पडली ती तारीख मोजा. निदानानंतर सात दिवसांच्या आत, शक्य तर त्याच दिवशी. मोठ्या शहरात लोक ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून घरापासून लांबचं केंद्र निवडतात. फक्त जवळचं केंद्र तपासलंत, तर तो 'हरवलेला' दिसेल. ताळा अख्ख्या शहराचा हवा. सहा महिन्यांनी व्हायरल लोड पुन्हा बघा.

जनजागृती

'एचआयव्ही कशानं पसरतो?' याची उत्तरं लोकांना पाठ असतात. बदल शोधायचा असेल तर असं विचारा: बाधित दुकानदाराकडून भाजी घ्याल का? उपचारांनी विषाणू न सापडण्याइतका दबला, तर लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराला लागत नाही, हे ऐकलं आहे का? चाचणी कुठे होते? पाहणी मोहिमेच्या आधी आणि नंतर, आणि कार्यकर्त्यांकडून नव्हे, बाहेरच्या माणसांकडून करून घ्या.

तुलना

१ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाच्या सुमारास, चाचण्या तशाही वाढतात, तेव्हा नोव्हेंबरशी डिसेंबर ताडून काही सिद्ध होत नाही. सगळ्या विभागांत एकदम जाणं शक्य नसतंच. मग कोणता विभाग आधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. ज्यांची पाळी नंतर येणार ते आपोआप तुलनेला मिळतात. राजकीय दबाव येईल, पण क्रम बदलू नका.

वागणूक

संमती, गोपनीयता, समुपदेशन, अचूक निकाल, उपचारांशी जोडणी हे पाचही तपासा. सामान्य माणूस म्हणून निरीक्षक शिबिरात पाठवा. त्यानं दोन गोष्टी बघायच्या: नको म्हटल्यावर किती आग्रह झाला, आणि गेल्या महिन्यात जोखीम घेतल्याचं सांगितल्यावर 'निगेटिव्ह असलं तरी तीन महिन्यांनी पुन्हा या' असं कुणी बोललं का.

खर्च शेवटी काढा: एकूण खर्च भागिले खरोखर नवे निदान होऊन औषध सुरू झालेली माणसं. हा आकडा प्रत्येक पद्धतीसाठी वेगळा लिहा. फिरती गाडी, रात्रीचं शिबिर, स्वतः करायची चाचणी, बाधितांच्या जोडीदारांना त्यांच्या संमतीनं बोलावणं. सगळ्यांची सरासरी काढून एकच आकडा दिलात, तर पुढच्या वर्षी कोणती पद्धत वाढवायची आणि कोणती बंद करायची, हे ठरवता येणार नाही.