व्हॉयनिच हस्तलिखित गुप्तलिपीत आहे का, हे कसे तपासावे

येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात ‘एमएस ४०८’ या क्रमांकाने जतन केलेले व्हॉयनिच हस्तलिखित, म्हणजे अज्ञात लिपीतील, वनस्पतींच्या चित्रांचे आणि अजून कुणाला खात्रीने वाचता न आलेले पुस्तक, हाती घेणारे बहुतेक अभ्यासक थेट अर्थ शोधायला बसतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: पंधराव्या शतकातील लेखकाला हाताने वापरता येईल अशी कोणती गुप्तलिपी नेमका असाच मजकूर निर्माण करील? कार्बन चाचणीनुसार त्याचे चर्मपत्र १४०४ ते १४३८ या काळातील आहे. लेखन त्यानंतरचेही असू शकते, हे मात्र विसरू नये.

प्रथम मजकुराचे एक प्रचलित लिप्यंतर (प्रत्येक खुणेला नेहमीचे अक्षर देऊन केलेली प्रत) निवडावे आणि शेवटपर्यंत तेच वापरावे, कारण कोणती खूण एक अक्षर मानायची यावर पुढची सगळी मोजणी अवलंबून असते. अमेरिकी गुप्तलिपीतज्ज्ञ प्रेस्कॉट करियर यांनी १९७० च्या दशकात दाखवलेले ‘अ’ आणि ‘ब’ हे मजकुराचे दोन प्रकार वेगवेगळे मोजावेत. ते एकत्र केल्यास सरासरी फसवी येते.

त्यानंतर एका अक्षरावरून पुढचे अक्षर कितपत ओळखता येते, ते मोजावे. सगळ्या तपासणीचा कणा हाच आहे. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बेनेट यांनी १९७६ मध्ये मांडल्याप्रमाणे पुढच्या अक्षराबद्दलची ही अनिश्चितता येथे सुमारे २ बिट (बिट हे माहिती मोजण्याचे एकक), म्हणजे लॅटिन किंवा इंग्रजीपेक्षा बरीच कमी भरते. प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेले एकच चिन्ह ठेवणाऱ्या साध्या गुप्तलिपीत हा आकडा मूळ भाषेइतकाच राहतो, त्यामुळे त्या रीतीने लिहिलेले लॅटिन येथे असू शकत नाही. इटालियन विद्वान आल्बेर्तींनी १४६७ च्या सुमारास वर्णिलेली, वर्णमाला बदलत जाणारी पद्धत अनिश्चितता उलट वाढवते. एका अक्षरासाठी दोन-तीन खुणांचा गट लिहिणारी पद्धत मात्र ती कमी करते, म्हणून खरी आशा मला तिथेच दिसते. परंतु हस्तलिखितातील शब्द सरासरी पाचेक खुणांचे आहेत. ही पद्धत मानली, तर एका ‘शब्दात’ मूळची दोन-तीनच अक्षरे मावतील, आणि शब्दांमधील मोकळ्या जागाही मूळच्या नाहीत असे धरावे लागेल.

आता त्या काळातील लॅटिन किंवा इटालियन वैद्यकीय मजकूर घेऊन तो आपल्या कल्पित पद्धतीने स्वतः लिहून पाहावा आणि अक्षरांची वारंवारता, शब्दांची लांबी, ओळीच्या आरंभी व शेवटी येणाऱ्या ठरावीक खुणा, शब्दांची पुनरावृत्ती असे सर्व निकष एकाच वेळी जुळतात का, ते पाहावे. हेच निकष निरर्थक मजकुरालाही लावावेत, कारण तक्ता आणि छिद्रे पाडलेले कार्ड वापरून बराचसा असाच दिसणारा मजकूर तयार करता येतो, हे ब्रिटिश संशोधक गॉर्डन रग यांनी २००४ मध्ये दाखवले आहे.

जुळणी समाधानकारक वाटली, तरच उलगड्याकडे वळावे. नियम आधी पूर्ण लिहून काढावेत, न पाहिलेले एक पान दुसऱ्या जाणकाराकडे द्यावे आणि अक्षरे मागेपुढे करण्याची सवलत न देता त्याला तेच वाक्य मिळते का, हे तपासावे.