केडगावच्या मुक्ती मिशनला एक दिवस: संकटकाळात जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

घरात दीर्घ आजारपण आहे, नोकरी गेली आहे किंवा जवळचे माणूस गमावल्यानंतर प्रार्थनेला शब्दच सुचेनासे झाले आहेत, अशा दिवसांत पुण्यातल्या ख्रिस्ती कुटुंबाने सवड काढून दौंड तालुक्यातल्या केडगावला जाऊन यावे, असे मी आग्रहाने सुचवतो. पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया आणि मुलींसाठी उभारलेले मुक्ती मिशन येथे आहे. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, अशी समजूत आपल्या मंडळ्यांमध्येही आढळते. तिला केडगावइतके समर्पक उत्तर मला दुसऱ्या कोणत्याही गावात मिळालेले नाही.

निघण्यापूर्वी दोन-तीन संध्याकाळी वाचनासाठी ठेवाव्यात. पवित्र शास्त्रातले तेरावे स्तोत्र आणि हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट एवढे पुरे आहे. अंजिराला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरीही परमेश्वराच्या ठायी आनंद करणाऱ्या त्या माणसाचे बोल दुष्काळाच्या संदर्भात वाचावेत, कारण रमाबाईंचे आयुष्य दुष्काळानेच घडवले. त्यांचा जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी, पायी देशभर फिरले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा अगदी तान्ही होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, परंतु त्यानंतरही संकटे संपली नाहीत. विधवा आणि मुलींसाठी त्यांनी काढलेली निवासी शाळा, शारदा सदन, १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आली आणि तीनच वर्षांत धर्मांतराच्या वादामुळे अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. हा क्रम घरातल्या मोठ्या मुलांनाही आधी सांगावा, म्हणजे तेथे गेल्यावर नुसत्या इमारती दिसणार नाहीत.

जाण्यासाठी पुणे-दौंड मार्गावरची लोकल गाडी सर्वांत सोयीची आहे. केडगाव स्थानक यवत आणि खुटबावच्या पुढे येते. अहिल्यानगरजवळही केडगाव आहे, त्यामुळे नकाशात किंवा तिकीट काढताना दौंड तालुक्यातले केडगाव तपासून घ्यावे. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांनी सोलापूर महामार्गावरच्या चौफुल्याला डावीकडे वळावे. एप्रिल-मेमधले ऊन वृद्धांना सोसवत नाही. पावसाळा संपल्यानंतरचे महिने उत्तम.

मुक्ती मिशन ही स्त्रिया आणि मुलांचे आजही घर असलेली संस्था आहे, हे विसरू नये. आपल्या पाळकसाहेबांकडून किंवा थेट कार्यालयाकडून आधी परवानगी घ्यावी, दिवस आणि वेळ ठरवून घ्यावी, आणि सोबत येणाऱ्यांची संख्या कळवावी. मुलींची छायाचित्रे काढू नयेत, त्यांना त्यांची पूर्वकथा विचारू नये, हातात खाऊ वा पैसे देऊ नयेत. जे द्यायचे ते कार्यालयात देऊन पावती घ्यावी.

आत गेल्यावर घाई करू नये. या जमिनीवर रमाबाईंनी आधी फळबाग लावली होती, कारण अमेरिकेतून शारदा सदनाला मिळणारी मदत दहा वर्षांची होती आणि ती संपल्यावर घर चालवायचे होते. प्रार्थना करणारी ही बाई पुढच्या वर्षांचा हिशेबही करत होती. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले, म्हणून त्या मुली केडगावच्या याच माळावर राहिल्या. १९०० पर्यंत येथे दीड हजारांहून अधिक जणी होत्या. एवढ्यांना पुरेल इतके पाणी, धान्य, कापड आणि काम रोजच्या रोज उभे करावे लागत असे, हे मनात ठेवून विहिरी आणि चर्च पाहावे.

माझ्या मते सर्वाधिक वेळ छापखान्याच्या इतिहासासाठी द्यावा. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. दुष्काळातून आलेली एखादी मुलगी शिशाचा एकेक उलटा खिळा उचलून ओळीत बसवते आहे, आणि त्या ओळीतून पवित्र शास्त्रातल्या पीडित ईयोबाचे दुःख वाचता येऊ लागते, असे क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. १९२१ मध्ये मनोरमा गेली. वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. भाषांतराचा हा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या कबरीजवळ हे तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचावे आणि आपले गाऱ्हाणे देवापुढे स्पष्ट शब्दांत मांडावे. तक्रार केल्याने विश्वास उणा होतो, असे ते स्तोत्र कोठेही म्हणत नाही. आजारी माणूस सोबत असेल तर त्याला आपल्या विश्वासाची साक्ष सर्वांसमोर देण्याचा आग्रह करू नये.

दुपारी चौफुल्याला जेवण करता येते. हा ऊसपट्टा असल्याने हंगामात एखादे गुऱ्हाळ चालू दिसल्यास मालकाला विचारून थांबावे: काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या रसाने मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात आणि घट्ट झालेला पाक ओतून ढेपा पाडतात. वाहन असेल तर परतताना यवतजवळच्या डोंगरावरचे भुलेश्वराचे यादवकालीन शिल्पकाम पाहता येईल. मात्र मुक्तीतला वेळ कापून ते करू नये.

पुण्यात परतल्यावर पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एखाद्या संकटात सापडलेल्या घरी जावे, तेथे आठवडाभराचा किराणा, औषधे किंवा दवाखान्याची फेरी यांपैकी कशाची गरज आहे ते विचारावे आणि त्यातले जमेल ते स्वतःकडे घ्यावे.