काजूच्या कारखान्यात ऑपरेशन्स शिकताना

ऑपरेशन्स मॅनेजमेंट हा विषय बीएमएसला किंवा एमबीएला पहिल्यांदा समोर आला की बहुतेक जण सूत्रांची यादी करतात आणि आदल्या रात्री ती पाठ करतात. मार्क पडतात. पण कारखान्यात पाय ठेवल्यावर कुठलं सूत्र कुठे लावायचं, ते त्या यादीत लिहिलेलं नसतं. मी सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेच्या धंद्यात आहे. कुडाळ-सावंतवाडीकडची मुलं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात. त्यांना ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. खालचे आकडे हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत, कुठल्या एका कारखान्याचे नाहीत. भाव तर हंगामागणिक बदलतात.

आधी मालाचा रस्ता बघा. बी उन्हात वाळवायची, बॉयलरच्या वाफेवर शिजवायची, थंड करून कटिंगला घ्यायची. टरफल गेलं की गर ड्रायरमध्ये जातो, मग त्याची तांबडी साल काढायची (सगळे त्याला पीलिंगच म्हणतात), मग ग्रेडिंग आणि पॅकिंग. ग्रेडिंगमधला डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर बसतात तो माल. आकडा लहान तेवढा गर मोठा, आणि भावही जास्त.

आता प्रत्येक टप्प्याची दिवसाची कपॅसिटी विचारा. उत्तरं अशी येतील: बॉयलर ८०० किलो, कटिंग ५०० किलो, ड्रायर १६० किलो, पीलिंग ९६ किलो, ग्रेडिंग १५० किलो. इथे घाई करू नका. पहिले दोन आकडे बीचे आहेत, पुढचे तीन गराचे. चार किलो बीमागे साधारण एक किलो गर असा उतारा धरला, तर सगळं गराच्या हिशोबात आणता येतं: बॉयलर २००, कटिंग १२५, ड्रायर १६०, पीलिंग ९६, ग्रेडिंग १५०. आता दिसतं की सगळा कारखाना पीलिंगपाशी अडलाय. मालकाने उद्या दुप्पट मोठा बॉयलर आणला तरी दिवसाला ९६ किलोच बाहेर पडणार.

हा बॉटलनेक. माझ्या मते अख्ख्या विषयात आधी शिकायची गोष्ट हीच आहे, कारण बाकीचे निम्मे हिशोब त्याच्यावर उभे आहेत. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८०च्या दशकात यावर थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्स मांडली. पण तो ओळखायला थिअरी लागत नाही. माल कुठे साठलाय ते बघा. कटिंगकडून रोज १२५ किलो गर येतो, पीलिंगला ९६ सुटतो, म्हणजे रोज २९ किलो मागे राहतो. सहा दिवसांच्या आठवड्यात १७४ किलो. पावसाळ्यात हा साठा नुसता जागा अडवत नाही, तो हवेतला ओलावा ओढतो. साल चिकटते, सोलताना गर तुटतो आणि भट्टीचं (म्हणजे ड्रायरचं) काम पुन्हा करावं लागतं.

मग पीलिंगला माणसं वाढवायची का? आठ बायका, प्रत्येकी १२ किलो, असे ९६ होतात. दोन वाढवल्या तर १२०. तिसरी वाढवली की १३२, पण तोवर अडचण कटिंगकडे सरकलेली असते आणि तिथे १२५च सुटतात. म्हणजे तिसऱ्या बाईच्या १२ किलोंपैकी फक्त पाच किलोंचाच उपयोग. चौथीचा शून्य. मुलाखतीत हे एवढं नीट सांगता आलं तरी समोरचा खुर्चीत पुढे सरकतो.

युटिलायझेशन आणि एफिशियन्सी यांत मुलं हमखास गोंधळतात. प्रत्यक्ष उत्पादन दोन्हीत वरच येतं, फरक छेदात आहे. कागदावरची कपॅसिटी १२० किलो, वीज जाणं-साफसफाई-चहा धरून खरोखर शक्य असलेली १००, आणि झाले ९०. युटिलायझेशन ९० भागिले १२०, म्हणजे ७५ टक्के. एफिशियन्सी ९० भागिले १००, म्हणजे ९० टक्के. विषय संपला.

उत्पादकतेवर मात्र थांबायला हवं. सूत्र सरळ आहे, आउटपुट भागिले इनपुट. आठ जणी, आठ तास, म्हणजे ६४ मनुष्यतास. ९६ किलो भागिले ६४, तासाला दीड किलो. दहा तास थांबवून १०८ किलो काढले तर ताशी १.३५ किलो. माल वाढला, उत्पादकता १० टक्क्यांनी उतरली. इथपर्यंत पुस्तकात असतं.

पण किलो हे माप काजूत फसवं आहे. समजा एक जण दिवसाला १४ किलो सोलते आणि त्यातला ८० टक्के गर अख्खा राहतो. दुसरी १२च किलो सोलते, पण ९५ टक्के अख्खा. अख्ख्याचा भाव किलोला ८०० रुपये, तुकड्याचा ६०० धरा. पहिलीच्या हातून १०,६४० रुपयांचा माल निघतो, दुसरीच्या हातून ९,४८०चा. घाईत बघितलं तर पहिली पुढे. आता पीलिंगपर्यंत येईतो गराला पडलेला खर्च काढा: चार किलो बी १३० रुपयांनी ५२०, त्यात वाफवणं-कटिंग-ड्रायरचे ८०, एकूण किलोला ६००. पहिलीने ८,४०० रुपयांचा गर हातात घेतला, उरले २,२४०. दुसरीने ७,२००चा घेतला, उरले २,२८०. सावकाश सोलणारी ४० रुपयांनी पुढे! आणि किलोवर मजुरी दिली तर? तर तुम्ही स्वतःच्या पैशाने गर तोडून घेत आहात. बऱ्याच ठिकाणी तुकड्याचं प्रमाण बघून मजुरी ठरवतात, त्यामागे हा हिशोब आहे.

वेळ मोजण्याविषयी थोडं. टाइम स्टडीचं गणित दोन ओळींचं आहे. एक घाणा सोलायला पाहिलेला सरासरी वेळ २० मिनिटं, काम करणारीचा वेग नेहमीपेक्षा थोडा जास्त म्हणून रेटिंग ११० टक्के, म्हणून नॉर्मल टाइम २२ मिनिटं. त्यावर विश्रांती वगैरेचा १५ टक्के अलाउन्स, म्हणजे स्टँडर्ड टाइम २५.३ मिनिटं. गणित सोपं, मोजणं अवघड. स्टॉपवॉच काढून समोर उभं राहिलं की हात बदलतात. कुणी भराभर काम करून दाखवतं, कुणी मुद्दाम हळू करतं. आमच्याकडच्या एक काकी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगतात, "घड्याळ खिशात घाल गो आधी. माझ्या हाताकडे बघ." आणि खरंच बघण्यासारखे हात आहेत. चाकूचं टोक सालीला जेमतेम लागतं, अंगठा पुढे सरकतो, साल निघते. जो गर अडतो त्याच्याशी त्या झटत बसत नाहीत, बाजूला टाकतात आणि असे गर एकदम पुन्हा भट्टीला पाठवतात. त्यांचा वेळ तिथे वाचतो. नुसतं घड्याळ बघणाऱ्याच्या वहीत फक्त मिनिटं आली असती.

लिटल्स लॉ लहानसा आहे, पण रोज लागतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला: प्रक्रियेत अडकलेला माल म्हणजे माल सुटण्याचा वेग गुणिले मालाला लागणारा वेळ. कटिंगनंतर पॅकिंगपर्यंत ४८० किलो गर पडून आहे आणि रोज ९६ किलो सुटतोय, तर आज कटिंग झालेला गर पाच दिवसांनी पाकिटात जाईल. मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला की "परवा देतो" म्हणण्याआधी हा भागाकार करायचा.

पॅकिंगमध्ये टॅक्ट टाइम (मागणी भागवायला दर किती वेळाने एक नग बाहेर पडायला हवा ते) आणि लाइन बॅलन्सिंग (माणसांत कामं सारखी वाटणं) बघायला मिळतं. दिवसाचे कामाचे सात तास, म्हणजे २५,२०० सेकंद. पाव किलोची २८० पाकिटं हवीत, तर टॅक्ट टाइम ९० सेकंद. एका पाकिटाची कामं क्रमाने अशी: भरणं ३५ सेकंद, वजन बरोबर करणं ३०, सील ४५, लेबल २५, खोक्यात रचणं २५. बेरीज १६०. भागिले ९० म्हणजे १.७८, तर दोन माणसं पुरावीत. पण कामं वाटायला बसा. पहिलीकडे भरणं आणि वजन, ६५ सेकंद. सील दिलं तर ११० होतात, ९०च्या वर. दुसरीकडे सील आणि लेबल, ७०. रचणं दिलं तर ९५. तिसरी लागतेच, आणि लाइनची एफिशियन्सी १६० भागिले २७० (तिघींचे प्रत्येकी ९० सेकंद), जेमतेम ५९ टक्के.

आता लेबल रिकाम्या पाकिटावरच आधी लावून घ्या. पहिली: लेबल, भरणं, वजन, बरोबर ९० सेकंद. दुसरी: सील आणि रचणं, ७० सेकंद. दोन माणसांत काम झालं, एफिशियन्सी ८९ टक्के. शिवाय सपाट पाकिटावर लेबल वाकडं लागत नाही. कुठलं काम कुठल्या कामाच्या आधी व्हायलाच हवं, हा प्रश्न परीक्षेत गणिताबरोबर दिलेला असतो. कारखान्यात तो तुम्ही विचारायचा. एक अडचण आहे: पहिलीला ९०पैकी एक सेकंदही मोकळा नाही. ती शिंकली तरी लाइन मागे पडते.

मग येतं ईओक्यू, म्हणजे इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी: एका वेळी किती माल मागवला तर सगळ्यात स्वस्त पडतं ते. याच्यावर मुलांचा फार जीव. फोर्ड हॅरिस यांचं हे सूत्र १९१३चं. वर्षाची गरज गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. खोक्यांना ते छान लागू पडतं. वर्षाला १२,००० खोकी, दर ऑर्डरमागे टेम्पोचे वगैरे ५०० रुपये, खोकं सांभाळायला वर्षाला तीन रुपये: वर्गमुळाखाली ४० लाख, उत्तर २,०००. वर्षाला सहा ऑर्डरी, ३,००० रुपये ऑर्डरींचे, ३,००० साठवणीचे (सरासरी साठा ऑर्डरच्या निम्मा, १,००० खोकी धरून). आता मुद्दाम ३,००० खोक्यांनी हिशोब करून बघा. ऑर्डरींचे २,०००, साठवणीचे ४,५००, एकूण ६,५००. दीडपट माल मागवला तरी खर्च आठच टक्क्यांनी वाढला. तेव्हा उत्तर १,९९७ आलं की २,००३, यावर डोकं आपटू नका.

रीऑर्डर पॉइंट जास्त कामाचा. रोज ४० खोकी लागतात, कोल्हापूरहून माल यायला पाच दिवस, म्हणजे २०० उरली की ऑर्डर द्यायची. पण जुलैत करूळ किंवा आंबोली घाटात दरड आली की पाचाचे किती दिवस होतील याचा नेम नसतो. त्यासाठी सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीला हाताशी ठेवलेला जादा साठा. माल येईपर्यंतच्या मागणीचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मागणी सरासरीपासून किती वरखाली होते त्याचं माप) ६० असेल आणि ९५ टक्के वेळा माल हाताशी हवा असेल, तर १.६५ (९५ टक्क्यांसाठीचा तक्त्यातला आकडा) गुणिले ६०, साधारण १००. पावसाळ्यात ३००वर ऑर्डर द्या. उन्हाळ्यात हे विचलन कमी असतं, म्हणून दोन ऋतूंना दोन आकडे ठेवलेले बरे.

हेच ईओक्यू काजू बीला लावायला गेलात तर मात्र हसं होईल. ते सूत्र धरून चालतं की माल वर्षभर हवा तेव्हा मिळतो. आपल्याकडची बी मुख्यतः मार्च ते मे या काळात येते आणि तेवढ्यातच वर्षाची खरेदी करायची असते. रोजच्या ९६ किलो गराला ३८४ किलो बी, ३०० दिवस, म्हणजे सुमारे ११५ टन. १३० रुपयांनी दीड कोटी. साठा हळूहळू संपत जातो म्हणून सरासरी ७५ लाख अडकलेले धरा, १२ टक्क्यांनी व्याज नऊ लाख. निघालेल्या २८,८०० किलो गरावर वाटलं तर किलोला ३१ रुपये.

आता वरच्या पीलिंगच्या हिशोबाकडे या. त्या ६०० रुपयांत हे ३१ कुठे होते? ते धरले तर पहिलीकडे साधारण १,८०० उरतात आणि दुसरीकडे १,९००. चाळीसचा फरक शंभरावर गेला. गर जितका महाग पडतो, तितकं तो तोडणं महागात जातं. बँकेचं व्याज आणि काकींचा चाकू यांचा असा संबंध आहे, आणि तो फायनान्सचा प्राध्यापकही सांगत नाही, ऑपरेशन्सचाही नाही.

शेवटी वर्षाचं नियोजन, पुस्तकात ज्याला अ‍ॅग्रिगेट प्लॅनिंग म्हणतात ते. लेव्हल म्हणजे वर्षभर सारखं उत्पादन, चेस म्हणजे मागणीच्या मागे धावणं. इकडे मागणीइतकाच मनुष्यबळाचाही हंगाम असतो. जून-जुलैत भातलावणी सुरू झाली की पीलिंगच्या आठपैकी तीन जणी शेतात. तो त्यांचा हक्काचा काळ आहे, दटावून कुणी थांबत नाही, आणि थांबवूही नये. पाच जणी म्हणजे ६० किलो, रोज ३६ किलोंची तूट. २० दिवस धरले तर ७२० किलो, आणि पुढ्यात गणपतीची मागणी.

ओव्हरटाइमने उत्पादकता उतरते, ते वर बघितलंच. घरोघरी सोलायला देणं स्वस्त दिसतं, पण स्वच्छता आणि तुकडा दोन्ही हाताबाहेर जातात. तिसरा मार्ग म्हणजे आधीच साठा करणं. दोन जणी जादा घेतल्या तर रोज २४ किलो जास्त, ७२० किलोंना ३० दिवस. हवाबंद डब्यातला सोललेला गर टिकतो, आणि त्यावरचं व्याज महिन्याला पाच हजारांच्या आसपास. गणित मे महिन्यात माणसं घ्या म्हणतं. फक्त नव्या हाताला पहिल्या दिवसापासून १२ किलो येत नाहीत. सुरुवातीला सहा-सात धरा, तुकडाही जास्तच पडेल. म्हणून नेमणूक एप्रिलच्या सुरुवातीलाच करायची आणि पहिले काही दिवस त्यांना काकींच्या शेजारी बसवायचं.