राधानगरीच्या रानालगत घोड्यांसह मुक्काम

दाजीपूर-राधानगरी हे गव्यांचं अभयारण्य. आत घोडं न्यायचा विचार सोडा. मुक्काम बाहेर, मालकाला विचारून माळावर टाका.

घोडं थेट झाडाला बांधू नका. रात्रभर ते खुरानं मुळं उकरतं, साल सोलतं आणि बुंध्याभोवती फिरून दाव्यातच अडकतं. त्यापेक्षा दोन जाड झाडांमध्ये सातेक फूट उंचीवर आडवा दोर ताणा आणि दावं त्याला बांधा; बुंध्याला आधी गोणपाट गुंडाळा. दोराला झोल राहिला की दावं पायात येणारच, म्हणून झोपण्याआधी पुन्हा आवळा. दावं एवढंच लांब, की तोंड जेमतेम जमिनीला टेकेल. गाठ एका हिसक्यात सुटणारी हवी. दोन घोड्यांत दहा-बारा फूट अंतर, लाथाड्याला कडेला.

पाणी दिवसाला ३० ते ४० लिटर. ३५० किलोच्या घोड्याला सुका चारा सहा-सात किलो. घरचाच सोबत न्या. वाटेत फुकट मिळतं म्हणून उसाचं वाडं पोटभर घातलं, तर चाऱ्यातल्या या अचानक बदलानं पोटशूळ उठतो. घोडं पोटाकडे वळून बघतंय, लोळतंय, लीद बंद आहे? चारा काढा, डॉक्टरांना लगेच फोन करा. (रेंज कुठे येते ते उजेडातच बघून ठेवलेलं बरं.) कण्हेरीजवळ तर बांधूच नका, तिची थोडी पानंही जीव घेतात.

सकाळी नाल तपासा, कानात-शेपटीखाली गोचीड बघा, लीद पसरून टाका.