ऑनलाइन लिलावातून सायकलचे पार्ट घेताय? या चुका टाळा

डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हापासून नाशिकमध्ये गिअरच्या सायकलचं कौतुक वाढतच गेलंय. सायकली आल्या, पाठोपाठ त्यांचे खर्चही आले. नव्या क्रँकसेटचा (पॅडल जोडायचे दांडे आणि पुढची दातेरी चकती) भाव ऐकला की माणूस रात्री जेवण आटोपून मोबाइल घेऊन बसतो आणि बोली लावायला लागतो. ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली. त्यामुळे आता एकतर परदेशातल्या विक्रेत्याकडून मागवायचं, नाहीतर जुन्या मालाच्या ॲपवर नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर घासाघीस करायची.

पैसे बुडतील याची धास्ती सगळ्यांनाच असते. पण पार्ट अस्सल निघून, वेळेवर घरी पोचूनही पैसे वाया जातात, ते जास्त. एकतर तो आपल्या सायकलला बसत नाही, नाहीतर बसतो, पण आतून संपलेला असतो.

माप न घेता बोली लावणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि तीही या गावात! सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणारा कुणीतरी गल्लीत असतोच, त्याच्याकडून तासाभरासाठी व्हर्निअर (बारीक मापं घ्यायची पट्टी) मागून आणायला काय जातं?

सीटपोस्टचंच, म्हणजे सीटखालच्या दांड्याचंच घ्या. २७.२ मिलिमीटर हे माप सर्रास दिसतं, पण ३०.९ आणि ३१.६ चेही पुष्कळ आहेत, आणि जुन्या फ्रेममध्ये ०.२ च्या फरकाने भलतीच मापं निघतात. २७.२ च्या जागी २७.० चा पोस्ट नजरेला तोच वाटतो, आत बसतोही. मग त्र्यंबक रोडला महिरावणीपर्यंत पोचेस्तोवर सीट बोटभर खाली आलेली असते. अशा वेळी लोक बोल्ट आवळत सुटतात आणि शेवटी क्लॅम्पचे आटे जातात. पोस्ट सरकत असेल तर पाना खाली ठेवा आणि आधी माप बघा. ते बहुतेक वेळा जुन्या पोस्टच्या खालच्या टोकाला कोरलेलं असतं.

बॉटम ब्रॅकेट म्हणजे क्रँकचा आस ज्यावर फिरतो ते बेअरिंग, त्यात तर तीन तऱ्हा. साध्या इंग्लिश आट्यांचा असेल तर शेल (फ्रेममधली आडवी नळी) बहुधा ६८ मिलिमीटर रुंद आणि उजव्या बाजूचे आटे उलटे. इटालियन असेल तर शेल ७० चा, दोन्हीकडे सरळ आटे. प्रेसफिटला आटेच नाहीत, तो नुसता दाबून बसवतात. विक्रेता ‘सर्व रोड बाइकला चालेल’ असं लिहितो. तसा बॉटम ब्रॅकेट अजून कुणी बनवलेला नाही.

टायरवर लिहिलेल्या इंचांवर जाऊ नका. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलचा २८ इंची रिम ६३५ मिलिमीटरचा (टायर बसतो तिथला व्यास). युरोपातला विक्रेता २८ इंच म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ६२२ असतो, म्हणजे आपला ७००-सी. २६ इंचातही माउंटन बाइकचा ५५९ वेगळा आणि १ ३/८ वाला ५९० वेगळा. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ‘३७-६२२’ असा आकडा असतो, त्यातला दुसरा तेवढा जुळवा.

मागच्या गिअरचा घोळ थोडा खोल आहे. स्वस्त सायकलला कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा दातेरी चकत्यांचा संच) नसतेच, आट्यांवर बसणारा फ्रीव्हील असतो. त्यावर कॅसेट चढणार नाही. शिमानोची ११ स्पीडची रोड कॅसेट घ्यायची तर फ्रीहब (मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो भाग) जुन्या ८-९-१० स्पीडवाल्यापेक्षा १.८५ मिलिमीटर लांब लागतो. उलट, लांब फ्रीहबवर १० स्पीडची कॅसेट बसवली आणि मागे तेवढा स्पेसर (पातळ कडी) घालायचा राहिला, तर कॅसेट घट्ट धरणारी लॉकरिंग कितीही आवळा, कॅसेट खुळखुळत राहते. गिअर एकाऐवजी दोन उड्या मारतो किंवा मधेच लटकतो, तेव्हाही केबलशी खेळण्याआधी शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) आणि डेरेलर (चेन सरकवणारा भाग) यांचे मॉडेल नंबर तपासा. शिमानोचा टियाग्रा ४७०० दहा स्पीडचाच, तरी त्याचं केबल ओढण्याचं प्रमाण आधीच्या दहा स्पीडपेक्षा वेगळं आहे. जुन्या शिफ्टरला तो जोडला तर जन्मात सेट होणार नाही.

क्रँकचा बाहेरचा फोटो बघून भुलणं

इथे मात्र थांबून वाचा, कारण इथे हाडं मोडतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने आपल्या ११ स्पीडच्या काही रोड क्रँकची मोफत तपासणी जाहीर केली. अल्टेग्राचे एफसी-६८०० आणि आर-८०००, ड्युरा-एसचे ९०००, आर-९१०० आणि आर-९१००-पी, आणि त्यातले जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेले. हे क्रँक दोन भाग चिकटवून केलेले असतात. तो जोड सुटत जातो आणि क्रँक उकलतो. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ लाख ८० हजार क्रँक यात आले, आणि जोड सुटल्याच्या साडेचार हजारांहून जास्त तक्रारी नोंदवल्या गेल्या.

आता गंमत बघा. लिलावात ‘अल्टेग्रा, एकदम कंडिशन’ म्हणून जे क्रँक निघतात, त्यांत नेमकी हीच मॉडेलं भरपूर असतात. विक्रेता लबाड असेलच असं नाही. त्याच्या कानावर हे गेलेलंच नसतं. म्हणून आतल्या बाजूचा फोटो मागायचा. तिथे दोन अक्षरांचा कोड असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं: ‘केएफ’ म्हणजे जून २०१२, ‘आरएफ’ म्हणजे जून २०१९. या पट्ट्यातला असेल तर सोडून द्या. असा क्रँक आधीच सायकलला लावलेला असेल तर जोडाच्या रेषेवर नखं फिरवून बघा. फट लागली, किंवा उभं राहून पॅडल मारताना कट्‌कट्‌ आवाज आला, तर कसारा घाट उतरायला ती सायकल नेऊ नका.

कुठलाही जुना क्रँक घेताना पॅडलच्या भोकाचा जवळून फोटो घ्या. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, आणि घाईत सरळ आटे समजून पॅडल कोंबणारे महाभाग कमी नाहीत.

कार्बनचं हँडल, कार्बनचा सीटपोस्ट, हेल्मेट या वस्तू जुन्या घेऊच नयेत. पडल्याची खूण बाहेर दिसेलच असं नसतं. जुनी चेन स्वस्तात मिळाली तरी ती कॅसेट खाते: बारा जोड्यांचं (आतली आणि बाहेरची कडी मिळून एक जोडी) अंतर बरोबर बारा इंच भरायला हवं, इंचाचा सोळावा भाग जास्त भरला की चेन संपली. या उलट स्टेम (हँडल धरणारा तुकडा), डेरेलर, पॅडल यांची झीज डोळ्याला दिसते, ते बिनधास्त घ्या.

कस्टम विसरून हिशेब करणं

परदेशी पार्सलवर ड्युटी लागते ती पार्टच्या किमतीवरच नव्हे, तर शिपिंग आणि विमा धरून. ‘गिफ्ट म्हणून पाठवतो’ असं विक्रेता म्हणाला तर हुरळू नका. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. शिवाय वापरलेला माल आयात करायला आपल्याकडे परवाना लागतो, तेव्हा जुना पार्ट अडकला तर भांडायला जागा नसते. बोली लावण्याआधी सगळं जोडून आकडा कागदावर लिहा आणि कॉलेज रोडवरच्या दुकानातला फिटिंगसह भाव शेजारी मांडा. चढणारी बोली कधी कधी विक्रेत्याचाच भाऊबंद लावत असतो.

देवळालीची बदली

‘मी आर्मीत आहे, देवळाली कॅम्पला पोस्टिंग, तातडीने बदली झालीय, सायकल आणि पार्ट काढायचेत.’ सोबत ओळखपत्राचा फोटो. देवळालीचं नाव ऐकलं की नाशिककर निर्धास्त होतो, आणि ठगाला तेच हवं असतं. फौजीच्या नावाने चालणारी ही जुनी फसवणूक आहे. सायकल घेऊन मेन गेटजवळ भेटायला या म्हणावं, लगेच ‘ट्रान्सपोर्टचं ॲडव्हान्स टाका’ सुरू होतं. पैसे परत देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला तरी स्कॅन करू नका. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. पिन मारून बसला असाल तर १९३० वर त्याच तासात फोन करा.

आणि भाव फारच पडेल वाटला, तर पूर्ण सायकलीच्या बाबतीत बॉटम ब्रॅकेटखालचा फ्रेम नंबर आणि मूळ बिल मागा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. नंबर खरवडलेला असेल तर पुढे बोलूही नका.

पार्सल आलं की पट्टी कापण्यापासून व्हिडिओ सुरू ठेवा, लेबल दिसू द्या, आणि पार्ट सायकलला लावण्याआधी माप घ्या. एकदा ग्रीस लागलं की विक्रेता परत घेत नाही.